सहा शत्रू आणि सात पातके

डिचोली तालुक्यातील ज्या शासकीय माध्यमिक विद्यालयात आम्ही सध्या मुख्याध्यापक म्हणून सेवा करीत आहोत, तेथे मुख्याध्यापकानेही आठवड्याचे काही तास वर्गावर जावे असा आमचा आग्रह असतो. कार्यालयातील कागदांत दिवस बुडून गेला म्हणजे शिकविण्याची सवय सुटते आणि शिकविण्याची सवय सुटलेला मुख्याध्यापक हा केवळ सहीचा धनी उरतो. म्हणून आठवीच्या मराठीचे तास आम्ही आमच्याकडेच ठेवले आहेत.

अशाच एका तासाला संतवाङ्मयाचा विषय निघाला असता आम्ही फळ्यावर षड्रिपूंची नावे लिहिली : काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. मुलांनी ती वहीत उतरून घेतली. तोच मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. घर ख्रिस्ती, रविवारी चर्चमधील धर्मशिक्षणाच्या वर्गाला, ज्याला आमच्या गोव्यात ‘दोतोर्न’ म्हणतात, तो नेमाने जाणारा. तो म्हणाला, “सर, एक राहिले. आमच्या पाद्रींनी सात सांगितली आहेत.”

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि “उद्या सांगतो” असे म्हणून वेळ मारून नेली. शिक्षकाचा ‘उद्या’ पुष्कळदा येत नाही. परंतु हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. आपले सहा आणि त्यांचे सात यांचा काही संबंध आहे काय? ती यादी कोणी केली, कशासाठी केली आणि ती आमच्या या मुलखात कशी पोहोचली? उत्तरासाठी आम्हांस एका दिवसाऐवजी कित्येक महिने वाचीत बसावे लागले. त्या वाचनातून जे हाती आले आणि त्यातून आमच्याच एका जुन्या चुकीवर जो प्रकाश पडला, तो वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

वाळवंटातील वैद्य

सात पातकांची यादी बायबलात त्या रूपाने कोठेही दिलेली नाही. तिचा उगम इजिप्तच्या वाळवंटात आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकात अनेक ख्रिस्ती विरक्त पुरुष शहरे सोडून तेथे एकांतवासास गेले. त्यांतील एक इव्हॅग्रियस. कॉन्स्टँटिनोपल या राजधानीत विद्वान वक्ता म्हणून त्याचा लौकिक होता. परंतु एका विवाहित स्त्रीच्या मोहात आपण सापडत आहोत हे ओळखून त्याने ते शहर सोडले. तो प्रथम जेरुसलेमला गेला आणि पुढे इजिप्तच्या वाळवंटात राहून इ. स. ३९९ मध्ये तेथेच वारला.

एकांतात माणसाला छळावयास दुसरा माणूस नसतो. छळते ते स्वतःचे मन. इव्हॅग्रियसने त्या मनावर पहारा ठेवला आणि त्यात उठणाऱ्या आठ कुविचारांची नोंद केली : खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, कीर्तीची हाव आणि गर्व. यांना तो ‘विचार’च म्हणतो. ते मनात येऊ न देणे आपल्या हाती नाही. त्यांना मनात ठाण मांडू द्यावे की नाही, एवढेच आपल्या हाती आहे, असे त्याचे सांगणे. कोणत्या विचारामागून कोणता येतो आणि कोणावर कोणता उतारा चालतो, हे तो एखाद्या अनुभवी वैद्याप्रमाणे लिहून ठेवतो.

त्यातील ‘उबग’ या विकाराचे त्याने केलेले वर्णन वाचून आम्ही थक्क झालो. त्याचे ग्रीक नाव ‘अकेडिया’. भर दुपारी हा विकार येतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा होतो. साधक पुनःपुन्हा खिडकीकडे पाहतो, कोणी भेटावयास येते काय म्हणून बाहेर डोकावतो. आपली जागा, आपले काम, आपले आयुष्य यांचा त्याला वीट येतो. आपल्यावर आता कोणाचेही प्रेम उरलेले नाही असे त्याला वाटू लागते. या विकाराला ‘दुपारचे भूत’ असेही म्हणत. शाळेच्या चौथ्या तासाला ज्यांनी मुलांचे चेहरे पाहिले आहेत, त्यांस हे वर्णन परके वाटणार नाही.

आठांचे सात कसे झाले

इव्हॅग्रियसची ही शिकवण जॉन कॅसियन या शिष्यपरंपरेतील साधूने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेय येथे नेली व लॅटिन भाषेत उतरविली. पुढे पोप ग्रेगरी (कारकीर्द इ. स. ५९० ते ६०४) याने बायबलातील ईयोबाच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना ती यादी नव्याने मांडली. गर्व हा सर्व पापांचा मूळ राजा ठरवून त्याने तो वेगळा काढला आणि त्याच्या हाताखाली सात सेनापती नेमले : पोकळ कीर्तीची हाव, मत्सर, क्रोध, खिन्नता, लोभ, खादाडपणा आणि कामवासना. इव्हॅग्रियसच्या यादीत मत्सर नव्हता, तो येथे आला. उबग मात्र खिन्नतेत विरून गेली. पुढील शतकांत कीर्तीची हाव गर्वात मिसळली, खिन्नतेच्या जागी पुन्हा उबग आली आणि जनसामान्यांच्या तोंडी त्या उबगेचा अर्थ हळूहळू केवळ ‘आळस’ असा होऊन बसला. गर्व, मत्सर, क्रोध, आळस, लोभ, खादाडपणा, कामवासना ही आज प्रसिद्ध असलेली सात नावे अशी सिद्ध झाली. या फेरबदलात खिन्नता हा शब्द यादीतून गळाला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्हांस परत यावयाचे आहे.

मठातील साधूंसाठी केलेली ही यादी सर्व समाजाची झाली ती तेराव्या शतकात. रोम येथे १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने असा नियम केला की, जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूजवळ पापांची कबुली द्यावी. या कबुलीला गोव्यात ‘कुमसार’ म्हणतात. आता खेड्यातील शेतकरी कबुली देणार ती कोणत्या क्रमाने? धर्मगुरू विचारणार ते काय? म्हणून मार्गदर्शक पुस्तके निघाली आणि त्यांत या सात विकारांचा क्रम प्रश्नावलीसारखा उपयोगी पडला. चर्चच्या भिंतींवर त्यांची चित्रे आली, प्रवचनांत दृष्टांत आले, पाठांतरासाठी लॅटिन नावांच्या आद्याक्षरांचा ‘सालिगिया’ असा एक शब्दही तयार झाला.

येथे एक बारकावा सांगणे अवश्य आहे. थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) या थोर पंडिताने ‘प्रधान विकार’ आणि ‘मारक पाप’ यांत भेद केला आहे. ज्याच्या पोटी इतर दोष जन्मतात तो प्रधान विकार. आणि जे जाणूनबुजून, पूर्ण संमतीने केल्यामुळे जीवाचा ईश्वराशी असलेला संबंध तुटतो, ते मारक पाप. मनात राग येणे आणि रागाच्या भरात खून करणे यांना एकाच तराजूत घालणे त्याला मान्य नव्हते. लोकव्यवहारात मात्र हा भेद पुसट झाला आणि सातही नावांना सरसकट ‘मारक पापे’ म्हणण्याचा प्रघात पडला.

काळानुसार पापांचा मानही बदलतो. जोवर समाज सरदार-सरंजामदारांचा होता, तोवर गर्व हे पहिले पाप मानले गेले. अकराव्या शतकापासून इटलीत आणि अन्यत्र व्यापार वाढला, नाणे खुळखुळू लागले, तसा लोभावरील प्रवचनांचा आवाज चढत गेला. उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारावे, असा ठराव ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने केला होता. इटलीतील पादुआ नगरात रेजिनाल्दो स्क्रोव्हेन्यी नावाचा एक धनाढ्य सावकार होऊन गेला. त्याच्या मुलाने तेथे एक प्रार्थनामंदिर बांधले आणि सुमारे १३०५ साली जॉत्तो या महान चित्रकाराने त्याच्या भिंती रंगविल्या. बापाच्या सावकारीचे प्रायश्चित्त म्हणून हे मंदिर बांधले गेले, अशी समजूत आहे. तरीही दान्ते या कवीने आपल्या महाकाव्यातील नरकात त्या सावकाराला बसविलेच! त्याच दान्तेच्या काव्यात शुद्धिपर्वताच्या सात पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर एकेका विकाराची धुलाई होते. सर्वांत खाली गर्व, सर्वांत वर काम. जड ओझे आधी उतरावयाचे, असा त्यातील क्रम.

दोन याद्या शेजारी ठेवल्या तर

श्रीज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये. त्या वेळी दान्ते पंचवीस वर्षांचा होता आणि अक्वायनसला जाऊन सोळा वर्षे झाली होती. प्रवरातीरावरील नेवाशाला आणि इटलीतील फ्लॉरेन्सला परस्परांची वार्ताही नव्हती. तरीही गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध, लोभ यांना नरकाची तीन दारे म्हटले आहे आणि ज्ञानेश्वर महाराजांनी आसुरी संपत्तीचे विवरण करताना त्या दारांचे स्वरूप मराठीत विस्ताराने उघड केले आहे. एकाच शतकात दोन दूरच्या मुलखांतील माणसे मनाच्या त्याच खोल्यांतून दिवा घेऊन फिरत होती, ही गोष्ट मोठी आनंददायक आहे.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर ही पाच नावे जुळतात. आपल्याकडे उरतो तो मोह. त्यांच्याकडे उरतात खादाडपणा आणि आळस. ज्या परंपरेत अज्ञान हे बंधनाचे मूळ मानले, तिने मोहाला शत्रूंत गणावे हे स्वाभाविक आहे. जी यादी उपासतापास करणाऱ्या एकांतवासी साधूंनी केली, तिच्यात जिभेचे चोचले आणि दुपारची उबग यांना स्थान मिळावे, हेही तितकेच स्वाभाविक. आळसाची निंदा आपल्याकडे नाही असे मात्र नव्हे. गीतेत निद्रा, आलस्य व प्रमाद यांतून मिळणाऱ्या सुखाला तामस म्हटले आहे आणि समर्थांच्या दासबोधात तर निद्रेवर एक स्वतंत्र समासच आहे.

दुसरीही एक तुलना करण्याजोगी आहे. आपल्या स्मृतिग्रंथांत ‘महापातके’ पाच सांगितली आहेत : ब्रह्महत्या, सुरापान, चोरी, गुरुपत्नीगमन आणि असे करणाऱ्यांची संगत. ही सारी कृत्ये आहेत. त्यांना साक्षीदार असू शकतो, त्यांवर प्रायश्चित्त सांगता येते. षड्रिपू हे कृत्य नव्हे. त्यांना साक्षीदार एकच आणि तो आत बसलेला. म्हणजे आपल्याकडेही दोन वह्या होत्या : एक समाजाने ठेवलेली कृत्यांची आणि दुसरी ज्याने त्याने ठेवावयाची मनाची. मध्ययुगीन ख्रिस्ती जगातही याच दोन वह्या होत्या. त्या एकमेकींत मिसळल्या म्हणजे काय होते, याचे उदाहरण शोधावयास आम्हा गोमंतकीयांना दूर जावे लागत नाही.

मराठीत आलेले पाप आणि पुण्य

इंग्लंडातील विल्टशर परगण्यात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. येथील भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की, १६१६ साली राशोल येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले : दोन भाग, दहा हजारांहून अधिक ओव्या, छंद आमचा, भाषा कोकणीची छटा असलेली मराठी आणि लिपी रोमन. पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती व जुन्या करारातील कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. तत्पूर्वी धर्मांतरितांच्या हातून जुनी पुराणे काढून घेण्यात आली होती. १५६७ च्या गोव्यातील प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदूंचे धर्मग्रंथ व उपाध्ये यांविरुद्ध ठराव केले होते. जुनी पुराणे बंद केलीत, तर त्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही, असा प्रश्न एका नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या तोंडी घालून स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाचे प्रयोजन सांगितले आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या ग्रंथाचे महत्त्व असे की, युरोपच्या मध्ययुगाने घडविलेल्या पापपुण्याच्या कल्पना येथे प्रथमच मराठी ओवीत विस्ताराने अवतरल्या. देवदूतांचे गर्वामुळे झालेले पतन, पहिल्या मानवी जोडप्याचा अपराध, तारणाऱ्याची वाट पाहणारी सृष्टी हे सारे सांगावयाचे तर शब्द कोठून आणावेत? स्टीफन्स यांनी ते कीर्तनकाराच्या आणि पुराणिकाच्या भांडारातून उचलले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द त्यांनी निःशंकपणे वापरला. अर्थात शब्द घेतला म्हणजे त्याचा जुना वासही बरोबर येतो. साष्टीतील चर्चमध्ये हे पुराण वाचले जात असता ऐकणाऱ्याच्या कानांत त्याच्या आजोबांच्या पोथीचा सूर उमटत नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

पुढे १६४९ व १६५४ साली हा ग्रंथ पुन्हा छापला गेला. परंतु या तीन मुद्रणांपैकी एकाचीही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी तो जगविला. १९०७ साली मंगळूर येथे त्याची आवृत्ती निघाली आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ती देवनागरीत आणल्यावर महाराष्ट्रातील सामान्य वाचकाला तिचे दर्शन घडले.

यादी सत्तेच्या हाती गेली तेव्हा

ही झाली एक बाजू. दुसरी सांगताना लेखणी जड होते. गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० मध्ये स्थापन झाले. १७७४ ते १७७८ हा अल्प खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. कुमसारात माणूस आपल्या मनातील विकार स्वतःहून सांगतो आणि ते गुप्त ठेवण्याचे बंधन ऐकणाऱ्यावर असते. न्यायालयाची रीत याच्या उलट : तेथे शेजाऱ्याने शेजाऱ्याचे सांगावयाचे. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेत स्टीफन्स यांनी वैकुंठ वर्णिले, ती भाषाच संशयित ठरली. १७३६ च्या धर्मन्यायालयाच्या आज्ञापत्रात तर ख्रिस्ती कुटुंबांनी टाळावयाच्या गोष्टींची लांबलचक यादी आहे. लग्नात ओव्या म्हणू नयेत, विडा-सुपारी व फुले यांची देवघेव करू नये, हळद लावू नये, अळणी भात शिजवू नये, दारी तुळस लावू नये, पुरुषांनी पुडवे नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये!

इव्हॅग्रियसच्या यादीशेजारी ही यादी ठेवून पाहावी. त्याने विचारले होते, ‘माझ्या मनात आज कोण आले?’ येथे विचारले गेले, ‘तुझ्या अंगणात काय लावले आहे?’ गर्व, लोभ, मत्सर यांतील एकही शत्रू तुळशीच्या रोपात राहत नाही. मात्र दुसऱ्याचे अंगण तपासणाऱ्याच्या मनात ते सुखाने राहू शकतात.

आमचे पेडणे आणि डिचोली हे तालुके त्या काळात या सत्तेच्या बाहेर होते. दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ १५४० च्या सुमारास पाडले गेले, तेव्हा देव नदी ओलांडून डिचोलीतील नार्वे येथे आला आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. तिसवाडी, बार्देश व साष्टी यांत जे टाकावे लागले, ते नदीच्या या काठावर पुष्कळसे टिकून राहिले. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली कायमचे पोर्तुगीजांकडे आले, तेव्हा धर्मांतराचा तो आवेग ओसरला होता.

आमचे जन्मगाव पेडणे तालुक्यातील. लहानपणी वडिलांबरोबर चोपडे येथून होडीने शापोरा नदी ओलांडून पलीकडे शिवोलीला जाण्याचा योग येई. अलीकडे देवळात सोहिरोबानाथ आंबिये यांची पदे भजनात म्हटली जात. पलीकडे चर्चची घंटा वाजे. सोहिरोबांचा जन्म १७१४ साली शेजारच्या बांदे गावचा आणि आज पेडण्यातील विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. विवेकाचा दिवा मनात जपावा ही त्यांची शिकवण ऐकत आम्ही वाढलो. त्याच वेळी पलीकडच्या काठावरची वृद्ध बाई लाकडी जाळीआड बसलेल्या पाद्रीजवळ आपला राग आणि आपला मत्सर सांगत होती. मध्ये नदी होती, परंतु झाडलोट दोन्ही काठांवर त्याच घराची चालली होती, हे कळावयास आम्हांस पन्नाशी उलटावी लागली.

आमच्या हातातील छडी

येथवर इतिहास झाला. आता आमचे सांगतो.

२०१२ साली गोव्यातील लोहखाणी बंद पडल्या. त्यापूर्वीची काही वर्षे डिचोलीच्या रस्त्यांवरून खनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावत असत. डोंगर पोखरले जात, विहिरींचे पाणी तांबडे होई. परंतु घरोघरी पैसा येत होता आणि कोणी फारसे विचारीत नव्हते. कर्ज काढून ट्रक घेणारांची रीघ लागली होती. नाणे खुळखुळू लागले की लोभावरील प्रवचनाचा आवाज चढतो, असे आम्ही वर लिहिले. आमच्याकडे तो आवाजही फारसा चढला नाही. मग एके दिवशी सारे थांबले.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. तो वर्गात झोपे. गृहपाठ करीत नसे. नाव पुकारले तर ऐकून न ऐकल्यासारखे करी. तासन्‌तास खिडकीबाहेर पाहत राही. आम्ही त्याला बाकावर उभे केले. ‘आळस हा माणसाचा शत्रू आहे’ हे वाक्य शंभर वेळा लिहावयास लावले. त्याने ते निमूटपणे लिहून आणले. वर्षअखेर त्याच्या प्रगतिपुस्तकात आम्ही स्वहस्ते शेरा मारला : ‘अत्यंत आळशी’.

प्रगतिपुस्तक घेऊन त्याची आई आली. ती भांडावयास आली नव्हती. खुर्चीवर बसण्याचेही तिने नाकारले. म्हणाली, “सर, पोर आळशी नाही हो. ट्रक दारात उभा आहे, बँकेची माणसे येतात. त्याचा बाप रात्रभर ओसरीवर बसून असतो. बाप काही करून घेईल या भीतीने पोर जागे राहून त्याच्यावर नजर ठेवते. आमच्या घरात कित्येक महिने कोणी धड बोललेले नाही.”

आम्ही निरुत्तर झालो. शेरा शाईने लिहिलेला होता. त्यापुढे दुसरा शेरा लिहिता आला असता. परंतु त्या दिवशी आमच्या पदाने आमचा हात धरला. मुलगा दहावीनंतर पुढे शिकला नाही. साखळीस एका गॅरेजमध्ये कामाला लागला. आजही बाजारात भेटला की हातातील काम ठेवून “सर” म्हणतो. त्या शेऱ्याविषयी तो कधी बोलला नाही आणि त्याची क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांस आजवर झालेले नाही.

ग्रेगरीच्या यादीत एके काळी ‘खिन्नता’ हा शब्द होता, तो पुढे गळाला आणि त्या जागी ‘आळस’ राहिला, हे वाचताना आम्हांस हा मुलगा आठवला. खिडकीबाहेर पाहत राहणारा, दिवस सरत नाही असे वाटणारा, आपल्यावर कोणाचे प्रेम उरलेले नाही असे मानणारा जीव त्या वाळवंटातील साधूने सोळाशे वर्षांपूर्वी ओळखला होता. तो ओळखू शकला, कारण त्याने तो आपल्या आत पाहिला होता. आम्ही एम. ए. झालेले, संतवाङ्मय शिकविणारे. समोरच्या मुलात आम्हांला फक्त षड्रिपूंच्या पलीकडचा एक सातवा शत्रू दिसला. मद कोणाच्या अंगी होता, हे आता निराळे सांगावयास नको.

उत्तर

अखेर एके दिवशी आम्ही आठवीच्या वर्गात गेलो आणि फळ्याच्या एका अंगास सहा व दुसऱ्या अंगास सात नावे लिहिली. जुळणाऱ्या जोड्या मुलांनीच लावल्या. मोह कोणाशी जुळेना, तेव्हा थोडा गोंधळ झाला. खादाडपणा हे पाप कसे, यावर डबा आवडीने खाणाऱ्या दोघांनी जोरदार हरकत घेतली. आम्ही त्यांना इव्हॅग्रियसची आणि दुपारच्या भुताची गोष्ट सांगितली. ती त्यांना फार आवडली. एका मुलीने विचारले, “सर, दुःख होणे हे पाप कसे असेल?” आम्ही म्हणालो, “ते पाप नव्हेच. तो साधू त्याला दुखणे समजत होता. दुखणे झाकले की वाढते, म्हणून त्याने त्याचे नाव लिहून ठेवले.”

मूळ प्रश्न विचारणारा विद्यार्थी मात्र हिशेबाचा पक्का. “म्हणजे सर, शेवटी सहा की सात?”

आम्ही खडू त्याच्या हाती दिला आणि सांगितले, “तुझ्यात किती आहेत ते तू मोज, मी माझ्यातले मोजतो. शेजारच्या बाकावरचे मोजावयाचे नाहीत, एवढाच नियम.” तो क्षणभर विचारात पडला, मग खडू फळ्याखाली ठेवून जागेवर जाऊन बसला.

वाचकहो, आपण बडोद्यास असाल, इंदुरास असाल, तंजावरास असाल. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घराला निरनिराळ्या धर्मांचे शेजारी असतात. आपल्याही घरातील मूल एखाद्या दिवशी शेजारच्या घरून अशीच एक निराळी यादी ऐकून येईल आणि विचारील, ‘त्यांचे खरे की आपले?’ त्या वेळी ‘उद्या सांगतो’ म्हणून वेळ मारून नेऊ नये. दोन्ही याद्या शेजारी मांडाव्यात आणि मुलाबरोबर आपणही त्या वाचाव्यात.

यंदाची प्रगतिपुस्तके भरण्याचे काम पुढील आठवड्यात सुरू होईल. ‘आळशी’ हा शब्द लिहिण्यापूर्वी त्या मुलाच्या घरी एकदा जाऊन यावे, अशी सूचना आम्ही सर्व वर्गशिक्षकांस दिली आहे. पहिल्या घरी आम्ही स्वतः जाणार आहोत. परतीची वाट साखळीवरून आहे आणि ते गॅरेज रस्त्यालाच लागते.